लिंबाचा डहाळा

मंगळवार, संध्याकाळ.

आज पहिलीच्या पोरांना वणवा शिकवला. वाळलं गवत, वारा, एक ठिणगी की झाला वणवा. विझवायचा कसा? पुढचं गवत कापायचं, आग ओल्या डहाळ्यानं झोडपायची. लिंबाचा डहाळा आपटूनही दाखवला. काय गरज होती मला?

घरी येते तर ह्यांनी दरसालासारखा शेताचा बांध पेटवलेला, आणि वारा शेजाऱ्यांच्या कडब्याच्या गंजीकडे. शेजाऱ्यांची गुड्डी, माझ्याच वर्गातली, लिंबाचा डहाळा घेऊन धावली. "बाई, तुमचं मालकच वणवा लावत्यात की!" तिनं आग झोडपली, ह्यांची पँटही झोडपली. गंज वाचली म्हणा.

हे फणफणले, "पोरांना असलं शिकवतं तरी कोण?"

"काय ठाऊक," म्हटलं आणि पिशवीतून डोकावणारा माझा डहाळा पदराखाली सारला.