मरळीच्या कपाळी विभूती

परंडा, खुर्दाद, फसली १३५५
(तुमच्या इंग्रजी मुलखात १९४६ चा एप्रिल असेल.)

तीर्थस्वरूप गुरुसिद्धप्पामामांच्या चरणी भाचा महालिंगप्पाचे शरणार्थ.

इकडे आम्ही सगळी खुशाल आहोत, म्हणजे तब्येतीनं खुशाल आहोत. तुमचा गुडघा आणि मामींचा दमा कसा आहे ते कळवावं. सोलापुरात मिलचा भोंगा वाजला की मामींचा दमा उसळतो, असं तुम्ही मागं लिहिलं होतं. भोंग्याचा आणि दम्याचा संबंध मला कळला नाही, पण वडीलधाऱ्यांच्या दुखण्यात डोकं चालवू नये म्हणून गप्प बसलो.

पत्रास कारण असं, की तुमचा भाचा मासे मारतो ही बातमी तुमच्यापर्यंत येणारच आहे, तिच्याआधी हे पत्र पोचावं. बातमी खोटी आहे. मासा एकच होता आणि तो मेला नाही.

आमच्या उमाचं लग्न भूमच्या वीरप्पांच्या मुलाशी ठरत आलंय हे तुम्ही जाणताच (तुम्हीच जुळवलंत). वीरप्पा माणूस कडक. कांदा खात नाहीत, पूजेआधी पाण्याचा घोट घेत नाहीत. त्यांनी देणंघेणं काही मागितलं नाही, अट एकच घातली, की पंगतीला साखरेची बुंदी पाहिजे. थोरल्या मुलाच्या लग्नात त्यांनी गूळ वाढला होता, तर पाहुणे अजून नावं ठेवतात. आता लढाई संपून वर्ष होत आलं तरी साखर मिळते ती चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी पुरवठ्याच्या साहेबांच्या हातात. साहेब हैदराबादचे, बोलायला मऊ आणि मासेमारीचे वेडे. जुम्म्याच्या सुट्टीला ते गावाबाहेरच्या तळ्यावर बसतात, आणि ज्याचा अर्ज असेल तो त्यांच्या मागं बाभळीखाली बसतो. बोलायचं नाही, मासा बिथरतो. मी तीन जुम्मे नुसता बसलो. चौथ्याला साहेबांनी विचारलं, "सेठ, आपका क्या है?" मी म्हणालो, "शक्कर." ते म्हणाले, "बैठो."

साहेब गांडुळं वापरत नाहीत. त्यांच्याकडं विलायतेची एक लाकडी मासळी आहे. चार बोटं लांब, अंग पांढरं, डोकं लाल, डोळे काचेचे, शेपटीला पितळी पंखा आणि पोटाखाली तीन-तीन काट्यांचे गळ. ती बुडत नाही. दोरीला हिसका दिला की बुडबुड करत पाण्यावरून चालते. एखादी मासळी घायाळ होऊन तडफडतेय असं वाटून मरळ खालून धावून येते. मी मनाशी म्हणालो, लाकडाला जीव नाही. लाकूड पाण्यात टाकणं पाप असेल, तर नावाड्यांनी कुठं जावं? या विचारानं माझं फार समाधान झालं आणि तिथंच घात झाला.

कारण फेकून फेकून साहेबांचा खांदा आखडला आणि ते म्हणाले, "जरा आप फेंको." मी नाही म्हणणार होतो, पण डोळ्यांपुढं बुंदी आली. पहिली फेक मागं गेली आणि पुढं आली ती माझा पटका घेऊनच आली. अख्खा पटका उलगडत तळ्यावर पसरला. (तुमची भाचेसून मल्लम्मा तो दुसऱ्या दिवशी धुणारच होती, तेवढं एक बरं.) साहेब हसले नाहीत, मासा बिथरतो. दुसरी फेक बाभळीत गेली. तिसरी मात्र कमळाच्या पानांशेजारी अलगद पडली. साहेब कुजबुजले, "खींचो. अब रुको. सब्र." मी थांबलो. पाण्यावरची वर्तुळं विरेपर्यंत थांबलो. गिऱ्हाइकाला भाव सांगितल्यावर दुकानदाराला असंच गप्प राहावं लागतं, त्यामुळं ते मला जमलं. मग बोटभर ओढलं आणि पाणी फुटलं.

मामा, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? त्या घडीला मला साखर आठवली नाही, उमा आठवली नाही. काठी वाकली, हातापासून खांद्यापर्यंत काहीतरी जिवंत धावत गेलं आणि मला फार आनंद झाला. पंचेचाळीस वर्षांत मी इतक्या मोठ्यांदा ओरडलो नव्हतो. "बंतु! बंतु!" म्हणून ओरडलो. कानडी आहे हे साहेबांना कळलं नाही, पण आली एवढं कळलं.

हातभर मरळ काठावर आली. साहेब खांदा विसरून पोतं आणायला टांग्याकडं पळाले. मी खाली पाहिलं, तर तिच्या ओठातून रक्त येत होतं. आता आपल्या घरात कुणाला खरचटलं तर आपण काय करतो? मी कनवटीची विभूती काढून तिच्या ओठाला दाबली. मरळ वळवळली, बोटं घसरून कपाळावर गेली आणि तीन बोटांचे तीन पट्टे उमटले. तोंडातून 'ॐ नमः शिवाय' निघालं, ते निव्वळ सवयीनं. एवढं झाल्यावर तिला पोत्यात कसं घालायचं, तुम्हीच सांगा. मी गळ सोडवला आणि तिला पाण्यात सोडून दिलं.

साहेब तीन वर्षं त्याच मरळीच्या मागं होते, हे मला नंतर कळलं. ते ओरडले नाहीत. लाकडी मासळी पुसून डबीत ठेवली आणि म्हणाले, "सेठ, आपकी शक्कर भी उसीके साथ गई."

एवढ्यावरही निभावलं असतं. पण तळ्याच्या बांधावर बैलगाडी उभी होती आणि गाडीत वीरप्पा होते, लग्नाची तारीख धरायला निघालेले. त्यांनी होणारा व्याही पाहिला तो बोडका, गुडघाभर चिखलात, मरळीला विभूती लावताना. गाडी तिथूनच माघारी वळली. (बैल वळायला तयार नव्हते, त्यांना पाणी दिसलं होतं.) आता बाजारात तीन मतं आहेत: मी मासे खातो, मी माशांना दीक्षा देतो, आणि दीक्षा देऊन मग खातो. मल्लम्मा जे बोलते ते लिहीत नाही. उमा ताट वाढून तोंड फिरवते, ते मला सोसत नाही.

तेव्हा मामा, हात जोडतो, भूमला जाऊन वीरप्पांची समजूत घाला. त्या काठीला पुन्हा हात लावणार नाही, अशी मी इष्टलिंगाची आण घेतली आहे. पोरीचं लग्न माझ्यापायी मोडलं तर मला या घरात जेवण गोड लागणार नाही.

आपला भाचा,
महालिंगप्पा

ता. क. सोलापूरला जाणारं माणूस मिळालं नाही म्हणून पत्र चार दिवस पडून राहिलं. दरम्यान वीरप्पा स्वतः दुकानात आले. शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत सुपारी चघळत बसले. मग जवळ सरकून म्हणाले, "व्याही, एक इचारतो. तिनं तोंड घातलं तवा हाताला कसं लागतंय वो?" मी सुतळीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि दुसरं हिसकलं. त्यांनी दहा वेळा हिसकायला लावलं. माझ्या आणेचं सांगितलं, तर म्हणाले, "आण तुमची हाय. आमी कुठं घेतलीय?"

आणखी ता. क. साहेबांचा निरोप आला, मरळ आणा आणि चिठ्ठी न्या. वीरप्पा तिथंच बसले होते, ते ताडकन उठले. म्हणाले, "कपाळाला इभूती लावलेलं जित्राब कढईत घालू देता व्हय? ते न्हाय व्हायाचं. गूळ चालंल आमाला." पंगतीला आता गहू-गुळाची हुग्गी आहे. तारीख धरली. उमाला सांगितलं तशी ती चुलीपुढंच रडली, मग हसली. मीही जरा रडलो, पण धूर होता.

शेवटचं. तुम्ही भूमला जाऊ नका. त्याऐवजी सोलापुरात विलायती मालाच्या दुकानी लाल डोक्याच्या दोन लाकडी मासळ्या मिळतात का पाहा. गळ कानशीनं बोथट करून घ्या, असं वीरप्पांनी बजावलंय. मामींना पोरांची खेळणी म्हणून सांगा. काठी वीरप्पाच धरणार, मी फक्त सब्र म्हणायचं. तिसरी मासळी तुमच्यासाठी घ्यावी, असं त्यांचं मत आहे. लग्नाच्या चार दिवस आधी या, आणि येताना जुना पटका बांधून या.