बाहेरून कुलूप

दादा,

घराचा ताबा मला द्यायचा, असा निकाल लागून वर्ष झालं, तरी तू जागचा हलत नाहीस. गेल्या आठवड्यात कोर्टाच्या बेलिफाला घेऊन आले, तर दाराला हे एवढं कुलूप! "बाई, घरात कुणी नाही, तसं लिहून देतो," तो म्हणाला. तेवढ्यात आतून तुझा खोकला ऐकू आला. शेजाऱ्याकडून बाहेरून कुलूप लावून घ्यायचं आणि आत गुपचूप बसायचं, ही अक्कल तुझीच!

बेलिफानं कान टवकारले. आणि तुझ्यावर दावा लावणारी मी, तोंडाला रुमाल लावून ठसका लागल्यासारखी खोकत सुटले. बिचाऱ्यानं मलाच पाणी दिलं.

आज कुलूप तोडायचा हुकूम मिळालाय. उद्या सोबत पोलीस असतील. घर मला हवंच आहे, त्यात माघार नाही. पण कुलूप तुटल्यावर तू आत कोपऱ्यात बसलेला दिसलास तर?

हे तुला पाठवायची सोय नाही. तुझा वकील हेच कोर्टात नाचवेल. पण आम्ही यायच्या आत बाहेर पड, आणि आधी डॉक्टरकडे जा. तुझ्यासारखा खोल खोकला मला खोटासुद्धा काढता आला नाही रे.

तुझ्याविरुद्ध जिंकलेली,
धाकटी