आळशी पोरांचे चाळीस फॉर्म

३ फेब्रुवारी
नाही, रागावले नाही मी. नुसता संताप आलाय. पुतणी माझ्याकडे राहून एम.ए. करते. कॉलेजच्या पोरांना अभ्यासाची गोडी का नाही, यावर तिचा प्रबंध. शंभर पोरांकडून फॉर्म भरून घ्यायचे, महिनाभरात साठ आले. वीस तारखेला प्रबंध गेला नाही तर वर्ष गेलं. त्यात ही तापाने पडली. म्हटलं, उरलेले दे इकडे. दोन दिवसांत आणते. पोरांना बोलतं करावं तर मीच.

४ फेब्रुवारी, सकाळी १०
कॅन्टीनमध्ये ठाण मांडलं. पहिलाच प्रश्न, अभ्यासाला हुरूप कशाने येतो? एकाने फॉर्मची घडी घालून डुगडुगत्या टेबलाखाली सारली. म्हटलं, बाबा, तुझ्या शिक्षणाचा टेबलाला तरी आधार झाला. सगळे हसले. फॉर्म कुणी भरला नाही. उद्या वर्गातच शिरते.

६ फेब्रुवारी
काल जमलं नाही, आज शिरले. वर्गात पाच टाळकी, हजेरी पन्नासांची. मागच्या बाकावरची एकटीच आठ जणींची ‘येस सर’ म्हणाली, आवाज बदलून बदलून. एवढी मेहनत अभ्यासात घेतली असती तर पहिली आली असती भवानी. मास्तरांनी मान वर केली ती फक्त मला बाहेर काढायला. मेले सगळे.

८ फेब्रुवारी
काल गुडघा. आज डोकं फिरलेलं. रागात बाहेर पडू नये, बीपी वाढतं. उद्या नक्की.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
चाळीसच्या चाळीस दिले पुतणीच्या हातात. कसं जमवलंस म्हणून गळ्यातच पडली. म्हटलं, पोरं वाईट नसतात गं, विचारणारं माणूस लागतं.

१५ फेब्रुवारी
तिच्या गाइडबाई खूश. म्हणे हे चाळीस जण साठांपेक्षा वेगळेच. सगळ्यांना शिकायची भूक, सगळे मास्तरांवर चिडलेले. आता त्यांना या पोरांना भेटायचंय. बाईला दुसरे उद्योग नाहीत.
पुतणी म्हणाली, “काकू, त्यातले पाच तरी ओळखशील ना?”
हो म्हटलं. माझी नजर पक्की आहे.

१६ फेब्रुवारी
पुतणी अंगात कणकण असताना सकाळपासून कॉलेजात त्यांना शोधत फिरतेय. मी घरात बसून गाइडबाईंना शिव्या घालतेय.
फॉर्म मीच भरले. नऊ तारखेला दुपारी, तीन पेनं बदलून. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. सातवीत माझी शाळा सोडवली, तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर जे सांगितलं असतं, तेच चाळीसदा लिहिलं.
पोरं आळशी आहेतच. पण पोरीचं वर्ष मी बुडवलं.