कालिम्नोस बेट पुसल्याची हकिकत

रॉचेस्टर, १७ जून

प्रिय कॅलिओपीताई,

आधी हिशेब सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको. हॉलची मोठी भिंत नव्याने रंगवायला लागले रंगाचे तीन डबे, धंदा बंद ठेवलेले दोन दिवस, आणि एक अख्खं बेट. बेट कुठलं ते तुला कळलंच असेल. साकेलारिसदाजींनी एका उन्हाळ्यात शिडीवर बसून भिंतीवर काढलेलं ग्रीसमधलं आपलं कालिम्नोस, त्यातल्या होड्या, पांढरी घरं आणि (माझा पहिल्यापासून आक्षेप होता) होड्यांपेक्षा मोठे मासे, सगळं आता एका सपाट निळसर हिरव्या रंगाखाली गेलं आहे. दाजींना हे तोंडावर सांगायची माझी छाती नाही, म्हणून तुला लिहितो. मी बरा आहे, तुम्ही दोघंही बरी असाल असं धरून चालतो. तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींच्या कानातली यंत्रं अजून शिट्ट्या मारतात का? जन्मभर स्पंजासाठी समुद्राचा तळ गाठणाऱ्या माणसाचे कान जायचेच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ईस्टरला मी तिकडे फ्लोरिडाला आलो होतो तेव्हा ऐन प्रार्थनेत शिट्टी वाजली आणि पाद्री ओळ विसरला, ही गोष्ट इथे मी चार लोकांना रंगवून सांगितली आहे (हे त्यांना कळू देऊ नकोस).

कानांचा विषय निघालाच आहे तर, माझं बस्तान कानांनीच बसवलं हे तुला ठाऊक आहे. एकोणिसाव्या वर्षी इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, दुसऱ्याच्या खानावळीत मागे भांडी घासत होतो, आणि बशीवर काटा कसा खरवडतो त्यावरून सांगायचो की कुठला पदार्थ उरून परत येतोय. मालकाने त्यावरून चार पदार्थ बंद केले आणि मला शेगडीपाशी उभं केलं. पुढे तीच खानावळ मी घेतली, शेजारी हॉल बांधला, आणि आजही बारा नंबरच्या टेबलावर चमचा पडला तर शेगडीपाशी उभ्या उभ्या सांगतो, चहाचा की सूपचा. अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने, आपल्या सेवास्तीने, बहिऱ्या मुलाशी, एलियटशी, लग्न ठरवावं! (बहिरा म्हणजे एलियटच्या घरातले तीन पिढ्यांचे बहिरे, हा शब्द ते स्वतःच ताठ मानेने वापरतात, तेव्हा तू चर्चमध्ये हळहळत बसू नकोस.) मुलगा सोन्यासारखा आहे. शाळेत गणित शिकवतो. सेवास्ती त्याच्याशी हातांनी भांडते तेव्हा मला काही कळत नाही, पण जिंकतं कोण ते कळतं.

मार्चमध्ये मी त्यांच्याकडच्या चाळीस जणांना जेवायला बोलावलं. काही म्हणून कमी ठेवलं नाही. लांबलचक टेबलं, त्यांवर हातभर उंच काचेच्या अकरा फुलदाण्या, आणि सगळे बसल्यावर दिवे मालवून मेणबत्त्या. ताई, पहिल्या मिनिटात अकराही फुलदाण्या जमिनीवर! मला वाटलं यांना फुलं सोसत नाहीत. नंतर कळलं की फुलांच्या आडून समोरच्याचे हात दिसत नाहीत, आणि हात दिसले नाहीत तर बोलायचं कसं? लांब टेबलाला आपल्याच रांगेतला तिसरा माणूस दिसत नाही, म्हणून जो तो खुर्ची मागे ओढून वाकडा बसला. आणि अंधार केला तो तर साक्षात तोंडात बोळा. एलियटचे वडील उठले आणि त्यांनी दिवे लावले. मला वाटलं चुकून हात लागला, मी मालवले. त्यांनी लावले. मी मालवले. चौथ्या वेळी त्यांनी माझा हात बटणावरून उचलून प्रेमाने माझ्याच खिशात घातला. पाहुणे गेल्यावर मोजलं तर सहा फुलदाण्या पायाखाली फुटल्या होत्या, आणि सेवास्ती कोट घालून दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही माणसांना जेवायला बोलावलंत आणि बोलू दिलं नाहीत. लग्नासाठी आम्ही कॉलेजजवळचा हॉल बघतोय."

ताई, तू पाहिलं आहेस, त्या दाराशी सिमेंट ओलं असताना मी दोन वर्षांच्या सेवास्तीला उभं केलं होतं; तिच्या पायाची पाच बोटं अजून तिथे आहेत. ती दुसऱ्याच्या दारातून नवरी होऊन आत जाणार? मी म्हटलं, "मला दोन महिने दे." ती म्हणाली, "मला नका विचारू, लोर्नाला विचारा."

लोर्ना म्हणजे विहीणबाई. अख्खा जन्म इमारतींचे नकाशे काढण्यात गेला. कमरेला फीत, हातात चिठ्ठ्यांची वही. दुसऱ्याच दिवशी येऊन हॉलभर चिठ्ठ्या चिकटवत सुटल्या. खुर्च्यांवर: "हात काढा." (खुर्च्यांचे, कोपर अडकलं की माणूस तोतरा होतो.) स्वयंपाकघराच्या दारावर: "खिडकी. तुम्ही 'बाजूला व्हा' असं ओरडता ते कुणासाठी?" टेबलांवर: "गोल." वाट इतकी रुंद हवी की दोघं जण शेजारी चालत एकमेकांकडे बघत बोलू शकतील. पायरी काढून उतार हवा, एलियटच्या आजीच्या चाकांच्या खुर्चीसाठी. तो सरळ उतरला असता तर सेवास्तीच्या पाच बोटांवरून गेला असता, म्हणून बाईंनी मी न सांगता तो बाजूला वळवला. (आता बिअरची पिंपं आणणारा रोज माझ्या आईबापांना दुवा देतो.) आणि दाजींच्या कालिम्नोसवर चिठ्ठी होती: "इथे कुणी बोललं की त्याचे शब्द समुद्रात बुडतात." मी खूप भांडलो. त्यांनी मला भिंतीसमोर उभं केलं, लांब जाऊन बोटं नाचवायला लावली आणि तसा फोटो काढून दाखवला. ताई, माझे हात खरोखरच दिसत नव्हते. माशांनी गिळले होते. त्याच दिवशी चहा पिताना त्यांनी आणखी एक चिठ्ठी मला दिली, तीन शब्दांची. ती मी कुठेही चिकटवली नाही, घडी करून खिशात टाकली. त्या चिठ्ठीचं जाऊ दे.

गेल्या रविवारी दुपारी लग्न झालं, आपल्याच हॉलमध्ये. गुडघ्यांपायी तुला येता आलं नाही, म्हणून आता मी जे लिहितो ते तू हळूहळू वाच. वधूवर आत आले तेव्हा टाळी वाजली नाही. दोनशे हात एकदम वर गेले आणि हलायला लागले, जशी वाऱ्यावर झाडाची सगळी पानं एकाच वेळी हलतात, आणि टाळीसाठी उचललेले माझे हातही वर गेले. इकडच्या टोकाचा माणूस तिकडच्या टोकाच्या बाईशी मधल्या शंभर जणांच्या डोक्यावरून आवाज न चढवता गप्पा मारत होता. दोन म्हातारे खिडकीच्या काचेतून भांडत होते, एक आत, एक बाहेर. ढोल लोर्नाबाईंच्या सांगण्यावरून लाकडी जमिनीवरच ठेवला होता. तो वाजला तसा तो तळव्यांतून गुडघ्यांपर्यंत चढला आणि सगळ्यांच्या आधी उठली ती बहिरी माणसं. आपली माणसं हातात हात धरून गोल नाचायला लागली तेव्हा एलियटचे वडील कसाबसा एक हात सोडवून काहीतरी म्हणाले. सेवास्तीने सांगितलं, "ते म्हणताहेत, तुमच्या नाचात आमची तोंडं बांधतात, तरी मजा आहे." आणि मी, ताई, कितीतरी वर्षांनी एका टेबलावर शेवटपर्यंत बसून जेवलो. एरवी मी हो हो करत उठतो आणि शेगडीकडे जातो (कामं असतात). त्या गोल टेबलाला, त्या उजेडात, आठही तोंडं दिसत होती आणि आपल्या माणसांचा शब्द न् शब्द मला कळत होता. असं घर असतं हे मला साठ वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

दाजींना माझा दंडवत. मुलांना मुके.

तुझा
पांतेलिस

ता. क. वरचं सगळं (शिट्टीची गोष्ट सोडून) दाजींना मोठ्याने वाचून दाखव. कालिम्नोस पुसलं म्हणून ते चिडतील. त्यांना सांग, स्वच्छतागृहाकडे जायच्या वाटेवरची भिंत मी मोकळी ठेवली आहे, तिथे कुणी बोलत उभं राहत नाही. मासे लहान काढा म्हणावं.

ता. क. २. इथून पुढचं मात्र मनात वाच. दाजींना ती यंत्रं ज्या डॉक्टरने दिली त्याचं नाव आणि फोन नंबर हळूच कळव. माझा एक मित्र विचारत होता.

ता. क. ३. मित्र नाही. लोर्नाबाई मला बघत होत्या: मी कुठेही बसलो की भिंत डावीकडे घेतो आणि बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघतो. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "डावा की दोन्ही?" डावा. चौथं वर्ष चालू आहे. बारा नंबरवर चमचा पडला की आमची वाढणारी स्टेला मला लांबून बोटं दाखवते, चहाचा असला तर एक, सूपचा असला तर दोन.