नानांच्या स्टुलाकडे वळलेली चाकं

खंडेनवमी, १९९१, संध्याकाळ

पूजेनंतर हत्यारांना हात लावायचा नाही, हे ठाऊक असून आज सोल्डरिंग आयर्न तापवलंच. वडील, म्हणजे नाना, गेल्यापासून त्यांनी बनवलेली रिमोटची गाडी अर्धवट पडली होती. मोटरने जोर घेतला की रिसीव्हरचे व्होल्ट पडायचे आणि पुढची चाकं आपोआप डावीकडे वळायची. नानांनी डबीत काढून ठेवलेला व्होल्ट पाचवर स्थिर ठेवणारा रेग्युलेटर मी रिसीव्हरला जोडला. चाकं सरळ राहिली! चूक कबूल म्हणून रेग्युलेटरला कुंकवाचं ओलं बोट लावलं आणि गाडी पुन्हा हत्यारांच्या ओळीत ठेवली.

दिवा लावायला अक्का, माझी थोरली बहीण, आली.

"आज तू हत्यारले हात लावा का रे?"

"नाही." का खोटं बोललो?

"मंग ही गाडी नानाना स्टूलकडे कशी वळनी?"

चाकं डावीकडे, पार वळलेली. कोपऱ्यात नानांचं रिकामं स्टूल. ओलं कुंकू रेग्युलेटरच्या पायांत उतरलं असेल, त्यातून करंट गेला असेल, असं मनाला समजावलं. बॅटरी काढायला गाडीखाली हात घातला.

जागा रिकामी. गाडी ओळीत ठेवताना मीच काढलेली बॅटरी मघापासून माझ्या खिशात आहे.