चढावर टाकलेल्या फांद्या

बाबा, मी आईला वापीच्या डॉक्टरांना दाखवून परत येत होते, तेव्हा तलासरीच्या अलीकडच्या चढावर आपली गाडी बंद पडली. ‘आपली’ असं लिहून गेले खरं, पण ही गाडी तुम्ही पाहिलेली नाही. तुमचा टेम्पो विकून बरीच वर्षं झाली आणि तुम्हाला जाऊन त्याहूनही जास्त. ही पांढरी, लहानशी आहे, पेट्रोलवर चालते आणि ती मी चालवते. ऐकून तुम्ही हसला असतात. कुत्रं भुंकलं तरी तुमच्या पाठीमागे लपणारी तुमची भित्री भागूबाई हायवेवर गाडी चालवते म्हणजे काय! भीती काही गेलेली नाही. लपायला पाठ उरली नाही, म्हणून चालवते.

आईला आता मधली वर्षं आठवत नाहीत. तुम्ही चिकू भरून गेला आहात आणि संध्याकाळपर्यंत येणार आहात, असं तिला बहुतेक दिवस वाटतं. माझा खरं बोलायचा हट्ट तुम्हाला माहीत आहे. तिनं विचारलं की मी सांगायचे, आई, बाबा वारले. प्रत्येक वेळी तिला ती बातमी नवीनच असायची. ती रडायची, मग विसरायची आणि आपलं डोकं कशानं दुखतंय ते मलाच विचारायची. तरी मी सांगत राहिले. खोटं बोलण्याचीही मला भीतीच वाटते, दुसरं काय.

त्या दिवशी हद्दीच्या पलीकडे गुजरातच्या पंपावर थांबलो. तिकडे स्वस्त पडतं, तुम्हीही तिथंच भरायचात. तुमचा दंडक होता, पंपावर खाली उतरून उभं राहायचं. बैलाला पाणी दाखवताना कुणी गाडीवर बसून राहतं का, असं म्हणून तुम्ही एकदा मला दंडाला धरून केबिनमधून उतरवलं होतंत. मी त्या दिवशी उतरले नाही. ऊन मी म्हणत होतं, आईच्या नव्या गोळ्यांबद्दल धाकट्या भावाशी फोनवर बोलत होते, टाकीचं झाकण आतूनच उघडून दिलं. पंपावरच्या माणसानं काय टाकू म्हणून विचारलं आणि मागच्या खिडकीतून आईनं उत्तर दिलं, “डिझेल. फुल्ल कर.” तुमच्या शेजारी बसून आयुष्यभर म्हटलेलं वाक्य, त्याच ठसक्यात. त्या माणसाला शंका यायचं कारणच नव्हतं. आणि बाबा, मी ते ऐकलं होतं. पण ते इतकं घरातलं वाक्य होतं, की त्यात काही चुकतंय असं मला वाटलंच नाही. पैसे दिले आणि निघाले.

हद्दीचा नाका मागे पडतो, चढ लागतो आणि गाडीला उचक्या लागतात. आरशात पांढरा धूर दिसतो. मी पाय दाबते तसा वेग वाढायचा सोडून कमीच होतो. कडेला घ्यावी म्हणून स्टिअरिंग फिरवते, तोवर इंजिन बंद पडतं आणि ते स्टिअरिंग हातात जड होऊन बसतं. गाडी अर्धी रस्त्यावर, अर्धी कडेला. चावी फिरवते, पुन्हा फिरवते, काही होत नाही. एक कंटेनर भोंगा वाजवत इतक्या जवळून जातो, की गाडी हलते. मागून दुसरा येताना दिसतो.

मी उतरले, पळत जाऊन आईच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाले, उतर. तिनं शांतपणे इकडेतिकडे पाहिलं. “हे कुठं गेले? हे आल्याबिगर मी नाय उतरायची.” पुढची सीट तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवली. मी ओढलं तर माझ्या हातावर चापट मारली. म्हातारीच्या अंगात एवढं बळ कुठून येतं, कोण जाणे. कडेच्या झावळ्यांच्या मांडवात ताडगोळे विकणारी एक बाई बसली होती, ती ओरडून म्हणाली, “बाय, आधी म्हातारीला काढ.” नेहमीचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. ते बोलले असते तर ती तिथंच, त्याच सीटवर रडत बसली असती. मी म्हणाले, “बाबा फांद्या तोडायला गेलेत.”

“मग उतरायला पायजे,” आई म्हणाली. तिनं पाण्याची बाटली उचलली, पदर सारखा केला आणि उतरली.

सायवनच्या रस्त्यावर तुमचा टेम्पो कितीदा बंद पडला असेल. आधी आम्हाला खाली उतरवायचं, मग मागच्यांना कळावं म्हणून झाडाच्या फांद्या तोडून रस्त्यावर टाकायच्या आणि मगच बिघाड बघायचा, हा तुमचा क्रम. निघताना प्रत्येक फांदी उचलायची, नाहीतर एखादा सायकलवाला पडेल. एकदा एक राहिली म्हणून तुम्ही सरावलीहून गाडी मागे वळवली होतीत आणि आई घरापर्यंत कुरकुरत आली होती. बाकी सगळं विसरली, पण हे तिच्या अंगात राहिलंय.

ताडगोळेवाल्या बाईनं आईला मांडवात बसवलं आणि कोयता घेऊन माझ्याबरोबर करंजाच्या फांद्या तोडल्या. त्या ओढत नेऊन गाडीच्या मागे रस्त्यावर टाकल्या. पुढच्याच ट्रकनं फांद्या पाहून लांबूनच बाजू घेतली, तेव्हा मला रडू फुटलं. गाडी ओढून नेणारा माणूस बऱ्याच वेळानं आला. त्यानं टाकीचं झाकण उघडलं आणि तुमच्या शर्टाचा वास आला. त्यानं काही सांगायची गरजच उरली नाही. डहाणूच्या गॅरेजवाल्यानं नंतर टाकी रिकामी केली, नळ्या धुतल्या. चावी फिरवत बसायला नको होतं, असं मलाच चार शब्द सुनावले. गाडी ठीक आहे.

संध्याकाळी ताटं वाढल्यावर आईनं विचारलं, “फांद्या उचलल्यास का?” मी हो म्हणाले. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. “तू कसली उचलतेस. हे मागं राहिले असतील उचलायला.” आणि तिनं तुमचं ताट वाढून झाकून ठेवलं. त्या दिवसापासून तिनं तुम्ही कुठं आहात असं एकदाही विचारलेलं नाही. ताट मात्र रोज झाकते आणि सकाळी मी ते गुपचूप गाईला घालते.

तिनं ओळखलं ते खरंच होतं, बाबा. गाडी ओढून नेणाऱ्या त्या माणसानं दोन फांद्या पायानं बाजूला सारल्या आणि बाकीच्या राहू द्या म्हणाला. मी आईला घेऊन त्याच्या गाडीत चढले. पुन्हा त्या रस्त्यावर पाय ठेवायचा मला धीर झाला नाही. अजूनही तिकडे कुणी मोटरसायकलवरून पडल्याचं कानावर आलं की नक्की कुठं, ते मी विचारून घेते. तुम्ही असतात तर गाडी वळवली असतीत.