अण्णांचा एकच स्पीकर

जयू,

तू आंघोळीला गेलीस म्हणून लिहून ठेवतोय. फियाट घेऊन घाटकोपरला चाललोय, अ‍ॅम्प्लिफायर बसवायला. पण चार स्पीकरांचा मोठा रद्द. दोन स्पीकर चालतील एवढा छोटाच घेतोय. एक नवा पुढे आणि दुसरा आपल्या अण्णांचा, मागच्या फळीवर उजवीकडे आहे तिथेच. काल मी तुझ्यावर खेकसलो, ‘त्या जुन्या डब्याचं काय लोणचं घालायचंय?’ चुकलंच माझं.

सकाळी चहा पिताना आईला सहज म्हटलं, अण्णांनी तेव्हा चिकटपणा करून एकच स्पीकर लावला ना? तर अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा हसली. म्हणाली, ‘अरे, माझा डावा कान लहानपणापासून बंद आहे. ह्यांच्याशिवाय कुणाला सांगितलं नाही कधी. मी मागे डावीकडे बसायचे, म्हणून त्यांनी तो उजवीकडे लावला.’

वर्सोव्याला मासळी आणायला जायचो, आठवतं? अण्णा टेपमधल्या नाट्यगीताच्या पुढे पळत गायचे आणि आई मान कलती करून ऐकायची. आपण दोघं तिची नक्कल करायचो गं.

जेवायला थांबू नका. चार वाजता आईला खाली घेऊन ये, वर्सोव्याला जाऊ. कानाचा विषय काढू नकोस. जिना उतरताना बोलायचं असेल तर फक्त तिच्या उजव्या बाजूला राहा.

दादा